सातशे अठरावी मांडणी

१

शेवंतीचा फोन गुरुवारी सकाळी पावणेआठला आला. मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं.

"सुशांत, गुरुजी उठनत नाय. तू ये." एवढंच बोलली आणि फोन ठेवला.

मिठबावच्या तिठ्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म पण भरून देतो. विश्राम गुरुजींचं घर तिथून बाईकवर पाच मिनिटं, माडांच्या आत. गुरुजी गणिताचे मास्तर, रिटायर. वय चौऱ्याहत्तर. लक्ष्मीकाकी गेल्यापासून घरात एकटे. शेवंती एक दिवस आड यायची, केर काढायची, जेवण करून ठेवायची. रविवार, मंगळवार, गुरुवार.

गुरुजी ओटीवर आरामखुर्चीत होते. चष्मा मांडीवर. पायाला हात लावला आणि मला कळलं.

बाहेर लख्ख ऊन होतं आणि डोक्यावर बल्ब जळत होता. शेवंती म्हणाली, ती आली तेव्हा पेटलेलाच होता, तिने हात लावला नाही.

डॉक्टर आले. हार्ट, म्हणाले. कधी गेले असतील? काल रात्री म्हणा, नाहीतर परवा. एवढ्या दमट हवेत छातीठोक सांगता येणार नाही. मरणात काही काळंबेरं नव्हतं. गुरुजी बसल्याजागी गेले होते.

दुपारी मुलगी प्राजक्ताताई पुण्याहून आली. संध्याकाळी पुतण्या विनीतने अग्नी दिला. गावचे पोलीस पाटील दाजी, ते दोन्ही दिवस खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, बसून होते. देव्हाऱ्यावर फडकं त्यांनीच टाकलं, सुतक म्हणून.

शुक्रवारी सकाळी ताईने आईचं कपाट उघडलं. लाल डबी जागेवर होती. आत चार सोन्याच्या पाटल्या असायच्या. आत नुसता गुलाबी कागद होता.

२

दाजींनी सगळ्यांना खळ्यात बसवलं. सगळे म्हणजे आम्ही पाचच.

विनीत आधी बोलला. त्याचं घर तीस पावलांवर, मधे फक्त माड. ताईने त्याला सांगून ठेवलं होतं की रोज संध्याकाळी बाबांकडे डोकवायचं आणि मला फोन करायचा. फोन तो रोज करायचा, त्यात खाडा नव्हता. बुधवारी सहा वाजता पण गेला होता म्हणाला. काका बरे होते. त्यांचे हात थरथरत होते म्हणून चहा यानेच केला. डावीकडच्या पहिल्या डब्यातली साखर, काकांना दोन चमचे. मग काकांनी पाटल्या काढून दाखवल्या. प्राजक्ता गणेशचवथीक येतली, तिका देवच्यो आसत, असं म्हणाले.

हे सगळं त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. मला वाटलं, रडू आवरतोय.

बुधवारी संध्याकाळी पाटल्या घरात. गुरुवारी सकाळी घरात पहिली शिरली शेवंती. सगळ्यांनी फक्त तिच्याकडे बघितलं.

शेवंती पडवीच्या पायरीवर बसली होती. म्हणाली, "गुरुजींच्या घरातला मीठ सुद्धा माझ्या हातान कधी सांडूक नाय."

दाजी वाईट माणूस नाही. त्यांनी तोडगा काढला. शनिवारी सकाळी देवळात जायचं. शेवंतीने आणि विनीतने, दोघांनी देवीसमोर नारळावर हात ठेवून सांगायचं. आणि मगच देवगडला पोलिसांना कळवायचं.

"मी सुतकात आसंय," विनीत म्हणाला. "माका देवळाची पायरी चढूक येवची नाय."

खरंच होतं ते. अग्नी त्याने दिलेला. दाजींनी मान हलवली. म्हणजे नारळ एकट्या शेवंतीच्या हातात आला.

ती अजून तीन घरी कामाला जायची. दुपारपर्यंत त्यातल्या दोघांनी सांगून पाठवलं, उद्यापासून येऊ नको. शपथ अजून व्हायची होती.

दाजींनी मला पण विचारलं. तुझं रोजचं येणंजाणं, तुला काही माहीत आहे का? मी म्हणालो, मी अकरा दिवस आलोच नव्हतो. का ते त्यांनी विचारलं नाही. बरं झालं.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि खिशात मोबाईल वाजला. रिमाइंडर. मीच अकरा दिवसांपूर्वी लावलेला.

*शुक्रवार. सातवा डबा.*

मी मान वर करून फळीकडे बघितलं. आणि तांब्या तसाच हातात राहिला.

३

आता ती फळी समजावून सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

चुलीच्या वर एक लाकडी फळी. तिच्यावर स्टीलचे सहा डबे, सारखे, एका मापाचे. काकीच्या लग्नातले. प्रत्येकावर टिंबाटिंबांनी कोरलेलं एकच नाव, सौ. लक्ष्मी. आत काय आहे ते बाहेरून अजिबात कळत नाही. काकी डावीकडून ठेवायची ते असे: मीठ, चहा, साखर, हळद, मसाला, कुळथाची पिठी.

काकी गेल्यावर गुरुजींना सकाळी उठून करायला काही राहिलं नाही. मग त्यांनी हे काढलं. रोज सकाळी डब्यांची एक नवी मांडणी. केलेली परत करायची नाही.

मी विचारलं होतं, गुरुजी, हे संपणार कधी?

"क्रमगुणित शिकलंस मा? मगे सांग."

पहिल्या जागेवर सहांतला कुठलाही डबा. दुसऱ्या जागेवर उरलेल्या पाचांतला. मग चार, तीन, दोन, एक. सगळ्यांचा गुणाकार सातशे वीस. सातशे वीस दिवस पुरणार.

मी बारावीला गणितात गेलेला पोरगा. जे काही येतं ते यूट्यूबवरून, आणि त्या फळीवरून. क्रमगुणित मला वहीत कधी कळलं नाही. डब्यांत कळलं.

एकदा मी अडलो. शून्याचं क्रमगुणित एक कसं? शून्य यायला पाहिजे. गुरुजींनी फळीकडे बघितलं. मग म्हणाले, "फळी रिकामी आसली तर ती कितक्या तऱ्हेन मांडशीत? एकाच. काय नसणा ही पण एक मांडणीच, रे. लक्ष्मी गेली त्या दिवशी मी सगळे डबे खाली काढलंय. तो दिवस मी मोजलेलो आसा."

तिथून त्यांनी सुरुवात केली होती. रिकामी फळी, एक दिवस. एक डबा, एक दिवस. दोन डबे, दोन दिवस. तीन डबे, सहा. चार, चोवीस. पाच, एकशेवीस. मग सहावा चढवला आणि जवळजवळ दोन वर्षं निघाली.

मांडण्या ते उड्या मारत करायचे नाहीत. शिस्तीत, क्रमाने. काकीच्या ओळीपासून सुरुवात आणि शेवटी बरोबर तिची उलटी ओळ. डावीकडचा डबा सगळ्यात कमी हलायचा, उजवीकडचे रोज हलायचे.

अकरा दिवसांपूर्वी गेलो तेव्हा म्हणाले होते, "फुडच्या गुरवारी सातशेविसावी. शुक्रवारी सातवो डबो वर चढतलो. तू शुक्रवारी ये. चाय मी करतंय."

सातव्याचा हिशोब मी मनातल्या मनात केला. पाच हजार चाळीस दिवस. पावणेचौदा वर्षं.

"गुरुजी, तोपर्यंत तुम्ही अठ्ठ्याऐंशीचे होशात."

"संपाचो नायच तो," म्हणाले. "म्हणान तर."

सातव्यात काय घालणार, विचारलं. म्हणाले, "ठरलेला आसा. ता खावचा नाय."

आणि आज शुक्रवार होता. सातशेविसावी मांडणी गुरुवारची. ती म्हणजे उलटी ओळ: पिठी, मसाला, हळद, साखर, चहा, मीठ.

मी एकेक झाकण उघडून बघितलं. पिठी, मसाला, हळद, चहा, साखर, मीठ.

चहा आणि साखर उलटसुलट होते.

४

दुपारी शेवंतीकडे गेलो. ती मागच्या दारी भांडी घासत होती, स्वतःची. मला बघून थांबली नाही.

मी विचारलं, फळीवरच्या डब्यांना तू हात लावलास?

"गुळाचो डबो खाली आसता, तितकोच मी घेय. वरचे डबे म्हणजे तेंचो देव. माका सांगलेला होता, मीठ व्हया तर माझ्याकडे माग." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू पण माका चोर म्हणूक इलंस?"

नाही म्हणालो. मंगळवारचं सांग, म्हणालो.

तिने सांगितलं. रविवारी गुरुजींनी माळ्यावरचा सातवा डबा खाली काढायला लावला. तिने राखेने घासला, पुसला, त्यांच्या हातात दिला. मंगळवारी ती आली तेव्हा गुरुजी उठलेले, डबे हलवून झालेले. ते तिच्या येण्याआधीच व्हायचं. ठणठणीत होते. फक्त एक गोष्ट वेगळी केली. तिला परसातून तगरीची फुलं आणायला सांगितली.

मी म्हणालो, गुरुजींनी? फुलं?

"तर. काकी गेल्यापासून तेंनी देवाक पाणी सुद्धा घालूक नाय. मी म्हटलंय, आज काय देव आठावलो? नुसते हसले."

घासलेला डबा नंतर कुठे ठेवला, तिला माहीत नव्हतं. मी निघालो तेव्हा तिने हाक मारली.

"तुझो रिझल्ट लागलो काय रे? मंगळवारी विचारी होते. सुशांत येणा नाय म्हणजे काय ता समाजला, म्हणाले. येवक सांग तेका, म्हणाले. मी तुका सांगूक इसारलंय."

मी मान हलवली आणि बाईक सुरू केली.

खरं ते लिहितो. मी गुरुजींकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी बारावीच्या फेरपरीक्षेचा रिझल्ट लागला. गणित, एकोणतीस मार्क. पास व्हायला पस्तीस. दोन वर्षं त्या माणसाने मला फुकट शिकवलं आणि मी एकोणतीस घेऊन त्यांच्या दारात कसा जाणार होतो? आज नको, उद्या जाऊ. उद्या गेलो तर विचारतील, काल का नाही आलास. असे अकरा दिवस.

दुकानात बसून कागदावर शेवटच्या मांडण्या लिहिल्या. डावीकडचे तीन डबे शेवटचे सहा दिवस हलतच नाहीत. पिठी, मसाला, हळद. फक्त उजवे तीन हलतात.

गुरुवार, सातशे वीस: साखर, चहा, मीठ.
बुधवार, सातशे एकोणीस: साखर, मीठ, चहा.
मंगळवार, सातशे अठरा: चहा, साखर, मीठ.

फळीवर होती ती सातशे अठरावी. मंगळवारची. बुधवारी सकाळी गुरुजींनी डबे हलवलेच नव्हते.

मग बुधवारी संध्याकाळी विनीतने चहा कोणाबरोबर घेतला?

आणि तेवढ्यात त्याचं ते वाक्य आठवलं. साखरेचं. मी पेन खाली ठेवलं.

५

शनिवारी सकाळी शेवंती धुतलेलं लुगडं नेसून, नारळ घेऊन आली. दाजी निघायच्या तयारीत. मी म्हणालो, दोन मिनिटं स्वयंपाकघरात या. सगळे या.

रिमाइंडर दाखवला, कधी लावला ती तारीख दाखवली. डबे उघडून दाखवले. मंगळवार समजावला. दाजींना दोनदा सांगावं लागलं, ताईला एकदाच. मास्तरांची मुलगी.

पण तीच म्हणाली, "बुधवारी बाबांना बरं नसेल. राहिलं असेल एक दिवस. एवढ्यावरून विनीत खोटं बोलतोय म्हणायचं?"

बरोबर होतं तिचं. मी विनीतला म्हणालो, बुधवारी साखर कुठल्या डब्यातून घेतलीस, काढून दाखव.

त्याने क्षणभर पण विचार केला नाही. डावीकडचा पहिला डबा उचलला, झाकण काढलं. पिठीचा वास आला. तो आत बघत राहिला.

"साखर हंयच आसता," म्हणाला.

"होती," मी म्हणालो. "कधी, ता सांगतंय."

एक डबा डावीकडे ठेवला की उरलेले पाच एकशेवीस तऱ्हांनी मांडता येतात. म्हणजे डावीकडचा डबा एकशेवीस दिवस तिथेच राहतो आणि मग बदलतो. आधी मीठ एकशेवीस दिवस. मग चहा एकशेवीस. मग साखर. साखरेचा शेवटचा दिवस तीनशे साठावा. तिथून हा गुरुवार तीनशे साठ दिवसांवर. त्यानंतर साखर डाव्या टोकाला एकदाही आली नाही.

"तो दिवस म्हणजे गेल्या सालचो एक सप्टेंबर," मी म्हणालो. "गेल्या साली चवथ ऑगस्टच्या शेवटाक होती. चवथीत तू हंय चाय केलंस, विनीत. मगे आत पाय टाकूक नाय."

बाहेर विनीतच्या घरातल्या कोंबड्यांचा आवाज इथपर्यंत येत होता. तीस पावलं.

ताई म्हणाली, "रोज फोन करायचास. आताच चहा घेऊन आलो म्हणायचास."

विनीत खाली बसला. मग हळूहळू सांगितलं. भांडण नव्हतं, काही नव्हतं. एक दिवस पाऊस होता म्हणून गेला नाही. दुसऱ्या दिवशी काका विचारतील, काल का नाही आलास. तिसऱ्या दिवशी ते अजून अवघड झालं.

"दिवो दिसायचो," म्हणाला. "रोज सांजेक काकांचो दिवो पेटायचो. मी म्हणायचंय, आसत. मगे फोन करायचंय. बुधवारी पण पेटलेलोच होतो."

तो मंगळवारचा दिवा होता. मंगळवारी संध्याकाळी गुरुजींनी बटण दाबलं, खुर्चीत बसले, आणि नंतर ते बंद करायला कोणी नव्हतं.

मला विनीतला दोन शब्द सुनवायचे होते. तोंडातून निघाले नाहीत. त्याचं सगळं मला पाठ होतं.

दाजींचा चेहरा मात्र बदलला. "म्हणजे पाटल्यो दाखयल्यानी ता पण खोटा. मगे पाटल्यो तूच—"

"नाय," मी म्हणालो.

६

जो वर्षभर घरात आलाच नाही, तो पाटल्या कधी नेणार? ताईने विचारलं, पाटल्या बघितल्यास का, तेव्हा एक खोटं टिकवायला त्याने दुसरं केलं. तेवढंच. शेवंती त्यात चिरडली जाईल हे त्याला दिसत होतं आणि तरी तोंड उघडलं नाही. हा त्याचा गुन्हा. पण चोरी नव्हे.

मी ताईला विचारलं, तुम्ही कुठे कुठे शोधलंत? कपाट, ट्रंक, तांदळाची कणगी, माळा, गाद्या. सगळं घर.

मग माळ्यावरचा सातवा डबा कुठे दिसला का? शेवंतीने घासून हातात दिलेला?

ताई विचारात पडली. नाही म्हणाली.

घरात एकच जागा अशी होती जिथे ताई हात घालणार नव्हती, विनीत घालणार नव्हता. सुतकात देवाला शिवायचं नाही. आणि ज्या माणसाने दोन वर्षं देवाला पाणी घातलं नाही, त्याने मंगळवारी तगरीची फुलं मागितली होती.

"दाजीनू, तुमका सुतक नाय. फडका काढा."

दाजींनी हात जोडले आणि फडकं उचललं. पुढे देव, कोरडे. मागे स्टीलचा डबा, सौ. लक्ष्मी. झाकणावर तगरीची फुलं, सुकून तपकिरी झालेली.

आत चार पाटल्या, गुरुजींच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात. आणि वहीचा कागद. पेन्सिलने लिहिलेलं, वर्गात फळ्यावर लिहायचे तसं मोठं, सरळ.

*७. लक्ष्मी. शुक्रवारपासून.*

ताईने कागद घेतला आणि परसात गेली. बराच वेळ आली नाही.

शेवंतीच्या हातात नारळ तसाच होता. विनीत तिच्यासमोर उभा राहिला, बोलायला तोंड उघडलं. तिने त्याला बोलू दिलं नाही.

"माका सांगा नको. बाराव्यापर्यंत तुका हंय दिवो राखूचो आसा. आता रोज ये," म्हणाली. "तेंका सांग."

मग देवळात गेलीच ती. शपथेला नाही. नारळ आणलाय तर ठेवून येते म्हणाली.

७

बारावं झालं. ज्या दोघांनी शेवंतीला येऊ नको म्हटलं होतं, त्यांचे परत निरोप आले. एकाकडे ती गेली. दुसऱ्याकडे नाही.

ताई डबे पुण्याला घेऊन गेली. त्याआधी मला म्हणाली, राहिलेल्या दोन लावून दे. मी बुधवारची लावली, थोडं थांबून गुरुवारची लावली. तिने फोटो काढला. मग डबे एकेक करून पिशवीत भरले. किल्ली माझ्याकडे दिली आणि मिठाचा डबा ठेवून घे म्हणाली. तो मी दुकानात नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून आत गेलो. विनीतची समई विझलेली होती, तेल संपून. स्वयंपाकघरात गेलो. फळी रिकामी. डब्यांच्या बुडाचे सहा गोल तेवढे लाकडावर उठलेले.

मी उभ्यानेच सांगितलं. "गुरुजी, गणितात गेलंय मी. एकोणतीस."

बाहेर माडाचं एक झाप पडलं. बाकी काही नाही.

ऑक्टोबरात परत फॉर्म सुटतात. लोकांचे भरतो, माझा पण भरीन.

खिडकी लावली. निघताना फळीकडे परत बघितलं आणि तो दिवस मोजला. एक.

उद्या मिठाचा डबा घेऊन यायचं. त्याची पण मांडणी एकच.